टाच दुखते, आणि स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही

पुरणयंत्र | ८ जुलै, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्रनगरात राहते. घरून पुरणपोळ्या, गुळपोळ्या, सणासुदीला मोदक अशा ऑर्डरी घेते. पहाटे पाच ते दहा ओट्यापाशी उभी.

मार्चपासून उजवी टाच धरलीय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखं होतं. भिंत धरधरून न्हाणीघर गाठते. दहा-पंधरा पावलं टाकली की जरा सुटतं. दुपारी आडवी होऊन उठले की पुन्हा तेच. एक्स-रे काढला. 'टाचेचं हाड वाढलंय' म्हणे. आधी इंजेक्शन, नाहीच राहिलं तर ऑपरेशन.

ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, घरात मऊ चप्पल घाल. बाहेर कोटा दगड आणि स्वयंपाकघरात ग्रॅनाइट, तेव्हा म्हणणं पटतं. पण सासूबाईंना ओट्यापाशी चप्पल म्हणजे अब्रह्मण्यम्. भांडण नाही हं. माझ्याच हातचा नैवेद्य जातो रोज, मलाही कसंसंच वाटतं.

प्रश्न दोन. हाड वाढलं की कापावंच लागतं का? आणि चप्पल न घालता यातून सुटका आहे का?

सराफ्यातला_उंदीर | ८ जुलै, ३:२५

तिसरा प्रश्न राहिला. पोळ्या राजेंद्रनगराबाहेर पोचवता का?

वडाची_पारंबी | ८ जुलै, ४:०२

ताई, घाबरू नका. रात्री झोपताना टबात सोसेल इतकं गरम पाणी, मूठभर खडेमीठ, पाव तास पाय सोडून बसायचं. मग तळव्याला तीळतेल लावून काशाच्या वाटीने घासायचं. वाटी काळी पडली की समजायचं उष्णता बाहेर पडली. आमच्या आईने आयुष्यभर हेच केलं, शेवटपर्यंत चार जिने चढत होती. भेगा असतील तर कोकम तेल वितळवून भरा, नाहीतर राळेचं मलम.

दिवाणखाना | ८ जुलै, ६:४०

वाटी काळी पडते ती कांशातलं तांबं, तेल आणि घाम यांच्या घर्षणाने. ताटलीवर घासलं तर ताटलीवरूनही निघेल. पण चोळण्याने बरं वाटतं हे खरं, त्यात वाद नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. माणूस हजारो वर्षं अनवाणी चालला. या मऊमऊ चपलांनीच पाय आळशी केलेत. मी रोज सकाळी मेघदूत उपवनात हिरवळीवर अर्धा तास अनवाणी चालतो. वय ६१. टाच काय असते ते मला माहीत नाही.

खजराना_बुधवार | ८ जुलै, ६:५५

हजारो वर्षं माणूस मातीवर चालला काका, ग्रॅनाइटवर नाही.

दिवाणखाना | ८ जुलै, ७:०१

मुद्दा मान्य. अर्धा.

पोटरी_ताणा | ८ जुलै, रात्री १०:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पुरणयंत्र ताई, सकाळचं पहिलं पाऊल दुखणं, मग सुटणं, बसून उठलं की परत, या वर्णनावरून तळव्याचा पट्टा दुखावलेला वाटतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. पायाची कमान तो धरून ठेवतो. तासन् तास कडक फरशीवर उभं राहून टाचेपाशी तो कुरतडल्यासारखा होतो. रात्री पाय सैल सुटतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी एकदम सगळं वजन पडलं की तुमचा तो खिळा. नाव प्लांटार फॅशिआयटिस.

हाडाचं म्हणाल तर ज्यांना कधीच टाच दुखली नाही अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेमध्ये ते टोक दिसतं. आणि दुखणं गेल्यावरही टोक तिथेच असतं. तेव्हा ते कापण्याची घाई कशाला? दहातल्या आठ-नऊ जणांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात बरं होतं. वेळ मात्र खातं.

आता करायचं काय. पलंगावरून उतरायच्या आधी, हे महत्त्वाचं, आधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागेल. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पुढे झुका. पोटरी ताणली पाहिजे. अर्धा मिनिट, तीनदा. पोटरी आखडलेली असली की टाच बरी होत नाही. निम्म्या लोकांना मी टाचेसाठी पोटरी ताणायला सांगते तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघतात.

संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून त्यावर तळवा दहा मिनिटं फिरवा, पायात पातळ मोजा घालून.

इंजेक्शनने काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आराम पडतो. पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. एकदम नाही म्हणू नका, पण सुरुवात त्याने नको.

आणि हो, चप्पल लागेल. त्यावर पळवाट मला माहीत नाही.

ग्वाल्हेरी_गप्पी | ९ जुलै, सकाळी ८:१५

आमच्याकडे ग्वाल्हेरला काकूंनी यावर तोडगा काढला होता. ओट्यापाशी जुन्या सतरंजीची चौघडी. दोन महिन्यांनी सतरंजीला इतका तेलकटपणा आला की काकू घसरल्या आणि टाचेऐवजी मनगट प्लास्टरमध्ये. टाच बरी झाली म्हणा, सहा आठवडे ओट्याशी उभ्याच राहिल्या नाहीत ना.

पोटरी_ताणा | ९ जुलै, ९:००

हसू नका, विश्रांती हाही उपायच आहे. पण रबरी पाठीची जाड चटई घ्या, सतरंजी नको.

मांडवी_बडोदे | ९ जुलै, ११:२०

थोडं विषयांतर. आमच्या बडोद्यात गरबा अनवाणीच खेळतात, नऊ रात्री. गेल्या वर्षी माझ्या मुलीची टाच दुखायला लागली. सगळ्यांनी हेच निदान केलं, पट्टा, पट्टा. बाटली फिरवून झाली, मलमं झाली. पण तिचं चालता चालता सुटत नव्हतं, उलट वाढायचं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की किंचाळायची. शेवटी एमआरआयमध्ये टाचेच्या हाडालाच बारीक तडा निघाला. साध्या एक्स-रेत दिसला नव्हता. तेव्हा सगळ्याच टाचा एका माळेत ओवू नका एवढंच.

पोटरी_ताणा | ९ जुलै, १:४५

फार बरं केलंत लिहिलंत. दाबून दुखणं तळव्याकडून आहे की दोन्ही बाजूंनी, हा मोठाच फरक. टाचेच्या मागे, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीपाशी दुखत असेल तर तेही प्रकरण निराळं. तरुण मुलगा, दोन्ही टाचा, आणि पहाटे कंबर तासभर आखडते असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तळपायाची आग, मुंग्या, रात्रीच जास्त, हे टाचेचं नव्हेच, नसांचं.

सराफ्यातला_उंदीर | ९ जुलै, रात्री ११:५०

अंगठ्याच्या सांध्याचं कुणी बोलेल का? रात्री सराफ्यातून, आपल्या इंदूरच्या खाऊबाजारातून, व्यवस्थित चालत आलो, पहाटे तीनला अंगठा टोमॅटो. चादरीचा स्पर्श सहन होईना. युरिक ॲसिड तपासलं तर नॉर्मल. बायकोने तूरडाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद केलंय. मी आता फक्त साबुदाण्याच्या खिचडीवर जगतोय.

पोटरी_ताणा | १० जुलै, ७:३०

गाऊट वाटतो, म्हणजे युरिक ॲसिडने सांध्याला येणारी सूज. त्यात ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा, डॉक्टरांना दाखवून. डाळ-टोमॅटोवर उगाच राग काढतात लोक. दारू, विशेषतः बिअर, मटण, कलेजी आणि गोड सरबतं-कोल्ड्रिंकं यांचा वाटा मोठा. दूध-दही उलट चांगलं.

सराफ्यातला_उंदीर | १० जुलै, ७:३४

दूध चांगलं म्हणजे शिकंजी चांगली. आमच्या इंदुरी शिकंजीत दूधच असतं. बायकोला हा प्रतिसाद दाखवतो.

पोटरी_ताणा | १० जुलै, ७:३६

तिच्यात साखर किती असते तेही दाखवा.

पंचक्रोशीवाला | १३ जुलै, रात्री ९:१०

उज्जैनची पंचक्रोशी यात्रा तीनदा केलीय. वैशाखातले पाच दिवस, ११८ किलोमीटर, तापलेला डांबरी रस्ता. आधी नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घ्यायचं आणि यात्रा झाली की मातीचे घोडे वाहून ते परत करायचं अशी रीत. पहिल्या वर्षी मी बळ परत केलं, फोड ठेवून घेतले.

चूक अशी की नवे कोरे बूट घालून गेलो. दुसऱ्या मुक्कामाला दोन्ही चवड्यांवर रुपयाएवढे फोड. गावातल्या एका बाबांनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोऱ्याचं टोक आतच ठेवलं, पाणी झिरपत राहावं म्हणून. तेव्हा फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पू. पुढच्या दोन्ही वर्षी जुनेच बूट, आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे, निघताना बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. जिथे जरा चुरचुरलं तिथे लगेच थांबून कागदी चिकटपट्टी. एकही फोड नाही.

पोटरी_ताणा | १३ जुलै, ९:४०

दोरा आत ठेवणं म्हणजे जंतूंना शिडी लावून देणं. फोडाची कातडी हेच त्याचं बँडेज. फारच टरारला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी सोलू नका.

वडाची_पारंबी | १४ जुलै, १०:००

भोवरीचं कुणीच लिहिलं नाही. माझ्या तळव्याला दोन वर्षं भोवरी आहे. पूर्वी बिब्बा लावायचे चटका देऊन. आता औषधाच्या दुकानात गोल चकत्या मिळतात, चिकटवल्या की कातडी पांढरी होऊन निघते.

पोटरी_ताणा | १४ जुलै, १२:१५

बिब्बा कृपा करून नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, सगळ्या अंगावर पुरळ उठलेलं मी पाहिलंय.

चकत्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं. चांगल्या पायाला जपून चालेल, पण साखर असलेल्या माणसाने त्या कधीच लावू नयेत. ती कातडी पांढरी पडते म्हणजे विरघळत असते. चांगली-वाईट कातडी ॲसिडला कळत नाही. आणि आधी ती भोवरीच आहे का बघा. वरून दाबलं तर दुखते ती बहुधा भोवरी. बाजूंनी चिमटीत धरलं की दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात तो चामखिळीचा प्रकार.

सराफ्यातला_उंदीर | १४ जुलै, १२:२०

आजवर असा धागा पाहिला नाही ज्यात कुणी बिब्बा घातला नाही.

पुरणयंत्र | २२ जुलै, दुपारी २:३०

मंडळी, वेळ झाला उत्तर द्यायला. बोटं ओढायचा व्यायाम सुरू केलाय. कमी झालंय असं अजून म्हणवत नाही, पण सकाळची भिंत सुटली. रबरी चटई आणली. सासूबाईंनी तिला हरकत घेतली नाही, चटई 'पायात' नसते म्हणून.

गंमत सांगते. पारंबीताईंचा मीठपाण्याचा टबही केला. आईंनाही, म्हणजे सासूबाईंना, बोलावलं. त्यांच्या पायांची रात्री आग होते. समोरासमोर खुर्च्या, मध्ये एक टब. मी पाय घातला आणि ओरडून बाहेर काढला, लालबुंद. आई मात्र घोट्यापर्यंत पाय बुडवून निवांत जप करतायत. वर मला म्हणतात, "कुठे गं गरम? कोमट तर आहे. तुझेच पाय नाजूक." तेव्हापासून घरात मला नाजूकबाई म्हणतात.

खजराना_बुधवार | २२ जुलै, ३:००

हाहा. जुनी हाडं ती जुनी हाडं.

ग्वाल्हेरी_गप्पी | २२ जुलै, ३:१२

नाजूकबाईंनी मोदक मात्र उकडीचेच करावेत. पाणी आहेच तयार.

पोटरी_ताणा | २२ जुलै, सायं. ५:५०

ताई, तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय पण मी ते वाक्य तीनदा वाचलं. तुमचे पाय नाजूक नाहीत. आईंना साखर आहे का? किती वर्षं?

पुरणयंत्र | २२ जुलै, ६:०५

आहे. चौदा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. का हो?

पोटरी_ताणा | २२ जुलै, ६:२०

बरीच वर्षं साखर असली की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात, मग चटका कळत नाही. टब आजच बंद करा. शेकाची पिशवी, गोठवलेली बाटली, काहीच नको त्यांच्या पायाला. आत्ता उजेडात बसवून दोन्ही तळवे, टाचा आणि प्रत्येक बोटाची बेचकी बघा. मग उद्याच डॉक्टरांना दाखवा आणि 'पायाची संवेदना तपासा' असं तोंडाने सांगा. नुसती साखर मोजून परत येऊ नका.

वडाची_पारंबी | २२ जुलै, ८:४५

बाई गं. मी 'सोसेल इतकं गरम' लिहिलं होतं. हे डोक्यात आलं नाही.

पोटरी_ताणा | २२ जुलै, ९:००

पारंबीताई, तुमची चूक नाही. ज्याला जाणवतं त्याच्यासाठी 'सोसेल इतकं' हे माप बरोबरच आहे.

पुरणयंत्र | २५ जुलै, रात्री १०:१५

जाऊन आलो. नीट लिहिते.

त्याच रात्री पाय पाहिले. चौदा वर्षांत मी त्यांच्या पाया शेकडो वेळा पडले असेन, तळवे कधी पाहिले नव्हते. डाव्या करंगळीच्या बेचकीत पांढरी, ओली चीर. पावसाळ्यातल्या चिखल्या. उजव्या चवड्यावर भोवरी, आणि तिच्यावर चकती! दोन महिन्यांपासून स्वतःच लावत होत्या, म्हणे दुखत नाही तर कशाला सांगायचं.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला, मासे धरायच्या दोरासारखा, मूठ लावलेला. तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो, असं समजावलं. आईंना डोळे मिटायला सांगितलं, लागलं की 'हो' म्हणा. अंगठ्याखाली टेकवला. चवड्यावर तीन जागी. टाचेवर. दुसऱ्या पायाला तसंच. मी मोजत होते. खोलीत पंख्याचा आवाज. सगळं झाल्यावर डॉक्टर दोरा खाली ठेवत होते, तेव्हा आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "करा ना सुरू."

मला तिथे बोलता आलं नाही.

चिखल्यांना बुरशीचं मलम, बेचक्या टिपून कोरड्या ठेवायच्या. भोवरी त्यांनीच पात्याने हलकी तासली. खाली जखम नव्हती, नशीब. रोज रात्री आरशाने तळवे बघायचे, हे काम नातवाने घेतलंय. चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटकायची. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. एमसीआरच्या, म्हणजे खास मऊ रबराच्या, तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल लिहून दिली. आणि घरातही अनवाणी नाही. आईंनी विचारलं, "देवघरात?" ते म्हणाले, "देवघरातही. टाचणी देवघर बघून रुतत नाही."

दिवाणखाना | २६ जुलै, सकाळी ७:००

मीही साखरेचा आहे, नऊ वर्षं. टाच काय असते ते मला माहीत नाही असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. आज मेघदूतला बूट घालून गेलो. सोमवारी दोऱ्याची तपासणी करून घेतो.

मांडवी_बडोदे | २६ जुलै, ९:३०

काका, निकाल इथे लिहा.

दिवाणखाना | ३० जुलै, दुपारी १:१५

दहाच्या दहा जागा जाणवल्या. दरवर्षी यायला सांगितलंय. हिरवळ बंद.

खजराना_बुधवार | ३० जुलै, १:४०

काकांना उरलेला अर्धा मुद्दाही मान्य झाला म्हणायचा.

सराफ्यातला_उंदीर | २ ऑगस्ट, रात्री ११:००

एमसीआरची चप्पल दिसायला कशी असते हो? रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी माझी उजवी चप्पल गेली ती गेलीच. घरी आलो तर दोन्ही पायांत डाव्या. एक माझी, एक कुणा सज्जनाची. अंगठा तेव्हापासून रुसलाय असा माझा सिद्धांत आहे.

पुरणयंत्र | १९ ऑगस्ट, दुपारी ३:४५

मूळ प्रश्नाकडे येते. माझी टाच सत्तर टक्के बरी. पंधरा पावलांची आता तीन-चार झालीत. इंजेक्शन घेतलं नाही. पोटरी ताणायला लागल्यापासून फरक पडला. पोटरी_ताणा, तुमच्याकडे संशयाने बघणाऱ्यांत मीही होते.

आणि चप्पल. आईंची आली तेव्हाच माझीही जाड तळाची घेऊन आले, 'घरच्या' म्हणून. रोज धुवायच्या, उंबऱ्याबाहेर न्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दाराशी चप्पल घालून दोन मिनिटं उभ्या होत्या. मग आत आल्या, गॅसला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तूही घाल. एकटीने वाईट दिसतं."

देवघराचं मात्र अडलंय. तिथे चप्पल नाही म्हणजे नाही. चार पावलं अनवाणीच जातात. मी मागे उभी, जीव मुठीत.

ग्वाल्हेरी_गप्पी | १९ ऑगस्ट, ४:००

खडावा? साधुसंत घालतातच की देवापुढे.

पोटरी_ताणा | १९ ऑगस्ट, ४:०२

संवेदना गेलेल्या पायात खुंटीची खडावा? नको.

वडाची_पारंबी | १९ ऑगस्ट, ५:३०

धाबळी कशाची असते? लोकरीची. लोकरीला ओवळं नाही, आमच्याकडे पूजेला धाबळीच नेसायच्या. मग लोकरीचे मोजे का चालू नयेत? आईंना विचारून बघा. यावेळी पाण्याबद्दल बोलत नाहीये.

पोटरी_ताणा | १९ ऑगस्ट, ६:१०

टाचणी थांबवायला मोजा पुरणार नाही, पण अनवाणीपेक्षा बरा. तळाला रबरी ठिपके हवेत नाहीतर गुळगुळीत फरशीवर घसरतील. शिवण बोटांना घासेल अशी नको. आणि देवघर रोज आधी झाडून घ्या.

पुरणयंत्र | २१ ऑगस्ट, सकाळी ११:२०

आईंना वाचून दाखवलं. धाबळीचा मुद्दा एकदम पटला, पण विकतचे मोजे नकोत म्हणे, कुणी कुठे विणले कोण जाणे. स्वतःच विणणार आहेत. तळाला आतून जाड कापडी अस्तर आणि बाहेरून रबरी ठिपके मी लावून देईन. गणपतीच्या आत पुरे करायचेत, रंग पिवळाच पाहिजे. भर श्रावणात इंदुरात पिवळी लोकर कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?